आधी वर्ग जोडा, मग भाषा शिकवा!

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमला आजूबाजूच्या खेड्यांतून मुले-मुली शिकायला येतात. घरात वऱ्हाडी बोली, वर्गात इंग्रजी. चौदाव्या-पंधराव्या वर्षी चुकण्यापेक्षा हसे होण्याची भीती मोठी. एकदा वर्ग हसला की पोर वर्षभर तोंड उघडत नाही. म्हणून नव्या शिक्षकांना आम्ही सांगतो, पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे नाव पाठ करा, चारचौघांत आडनाव विचारू नका. जोड्या रोज बदला. चुकीला हसायचे नाही, हा नियम मुलांनाच ठरवू द्या. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले. पुढे मुंबईत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. कोण कुठे बसतो, यावरच भाषेचे दार उघडते किंवा बंद होते. शेवटचा बाक बोलू लागला, तरच वर्ग शिकला म्हणायचे!