नेमाआधी दाब

लेण्याद्रीच्या डोंगरावर गिरिजात्मजाच्या लेण्यातून बाहेर आले की समोर कुकडीचे खोरे पसरलेले दिसते. द्राक्षांचे मांडव, कांद्याची वावरे आणि मधूनमधून उसाचे गडद हिरवे चौकोन. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे या धरणांचे पाणी शिवारात पोहोचले तसा जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. तिथे त्याला सावली, ओलावा आणि आडोसा मिळतो. भक्ष्य म्हणून गावची कुत्री, शेळ्या आणि डुकरे आहेतच. मादी फडातच विते. त्यामुळे तोडणीच्या हंगामात कोयत्यापुढे बछडे सापडल्याची बातमी या भागाला नवी राहिलेली नाही.

अशा वेळी येणाऱ्या बचाव पथकाच्या गाडीत पिंजरा, जाळी, दोर, मोठ्या बॅटऱ्या असतात आणि एका लांब पेटीत बेशुद्धीचे इंजेक्शन मारणारी बंदूक. दिसायला ती रायफलसारखी, पण अनेक बनावटींत दारू नसते. कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबावर ती औषध भरलेला डार्ट फेकते. शहरातली पोरे सुट्टीत ज्या बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात, ती पेंटबॉलची बंदूक याच कुळातली. लोणावळ्याजवळच्या डेला ॲडव्हेंचर पार्कमध्ये ती हातात घेतलेले पुण्या-मुंबईचे हजारो लोक असतील. या दोन बंदुका शेजारी ठेवून पाहिल्या तर साधने कशी निवडावीत आणि पैसा आधी कुठे घालावा, हे चांगले कळते.

पेंटबॉलचा जन्मही जंगलखात्याच्या कामातूनच झाला. तोडायच्या झाडांवर लांबून खूण करता यावी म्हणून अमेरिकेतल्या नेल्सन पेंट कंपनीने रंगाची गोळी काढली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेझी या एअरगन बनवणाऱ्या कंपनीकडून ‘नेलस्पॉट ००७’ हे पिस्तूल करून घेतले. गुरांवर खूण करायलाही ते वापरले जाई. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या रानात १२ जणांनी ही पिस्तुले घेऊन पहिला सामना खेळला. रानातले झेंडे गोळा करून बाहेर पडायचे, एवढाच नियम. जिंकला रिची व्हाइट, रानाची कामे करणारा माणूस, आणि त्याने एकही गोळी झाडली नाही. साधनांची चर्चा करताना हा सामना आठवणीत ठेवण्याजोगा आहे.

डार्टच्या बंदुकीची गोष्ट त्याआधीची. न्यूझीलंडच्या टिमारू गावचे औषधतज्ज्ञ आणि पशुवैद्य कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात ती विकसित केली. रानबकऱ्यांना पकडायचे, तपासायचे आणि सोडून द्यायचे, तर लांबून औषध देता आले पाहिजे, ही त्यांची गरज होती. एकदाच वापरायची प्लॅस्टिकची सिरिंजही त्यांचीच देणगी.

दोन्ही बंदुकांत आत घडते ते सारखेच. वायू कोंडलेला असतो, झडप उघडते, नळीतली वस्तू बाहेर फेकली जाते. पण ती वस्तू समोरच्याला इजा न करता आपले काम करून थांबली पाहिजे. बंदूक घेणारा नवा माणूस विचारतो, “किती लांब जाते?” जाणकार विचारतो, “दाब किती कमी करता येतो?”

पेंटबॉलची नेहमीची गोळी ०.६८ इंच व्यासाची आणि सुमारे ३ ग्रॅम वजनाची असते. बाहेर जिलेटिनचे कवच, आत पाण्याने धुतला जाणारा रंग. मैदानावर तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात, अनेक ठिकाणी २८० च्या आत. ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. एवढ्या वेगाने अंगावर बसली तर काळा-निळा डाग पडतो, डोळ्यावर बसली तर डोळा जातो. म्हणून खेळाआधी प्रत्येक बंदुकीचा वेग क्रोनोग्राफ या यंत्रावर मोजतात. जिथे हे यंत्र दिसत नाही, त्या मैदानावर मुलांना उतरवू नये.

डार्टच्या बाबतीत हिशेब आणखी नाजूक आहे. डार्ट म्हणजे उडणारी सिरिंजच. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा, शेपटाला स्थिर ठेवणारा गोंडा. सुईचे टोक बंद असते आणि तिच्या बाजूला पाडलेले छिद्र सिलिकॉनच्या छोट्या नळीने झाकलेले असते. सुई मांसात शिरली की नळी मागे सरकते, छिद्र उघडते आणि मागची हवा औषध आत ढकलते. हे घडायला जोराची गरज फारशी नसते. जोर जास्त झाला तर डार्ट हाडावर आदळून ते मोडू शकतो किंवा पोटात घुसू शकतो. बिबट्या काही हत्ती नव्हे. त्याच्या अंगावर खांदा आणि मांडी एवढीच डार्ट मारण्याजोगी भरीव जागा आहे.

म्हणून पहिले साधन बंदूक नव्हे, फुंकनळी. पिंजऱ्यात आलेल्या बिबट्याला काही मीटरवरून फुंकनळीने इंजेक्शन देता येते. आवाज नाही, मार हलका. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून बिबट्या निवारा केंद्र चालवतात. जायबंदी किंवा पुन्हा रानात सोडता न येणारे बिबटे तिथे ठेवलेले असतात. अशा ठिकाणी रोजच्या उपचारांत फुंकनळीसारख्या साध्या साधनाची किंमत कळते.

अंतर वाढले की वायूची बंदूक लागते. डॅन-इन्जेक्ट या डॅनिश कंपनीच्या बंदुकीवर दाबाचा काटा असतो. अंतर पाहून दाब ठरवायचा, काट्यावर तो चढवायचा, मग नेम. याशिवाय कोऱ्या काडतुसाच्या स्फोटावर चालणाऱ्या बंदुकाही आहेत. त्या लांब मारतात, पण त्यांचा मार जड असतो आणि बारीक फेरफाराला वाव कमी. मोठ्या, जाड कातडीच्या जनावरांसाठी त्या ठीक. बिबट्यासाठी काट्याची बंदूक उजवी, आणि पथकाकडे पैसे मोजकेच असतील तर ते दुसऱ्या बंदुकीऐवजी अंतर मोजणाऱ्या लेझर यंत्रावर खर्च करावेत. अंतराचा अंदाज दहा मीटरने चुकला की काट्यावरचा आकडाही चुकतो.

औषधही या हिशेबात येते. बिबट्यासाठी झायलाझिन आणि केटामाइन यांचे मिश्रण वापरतात. औषध जितके तीव्र, तितके मिलीलिटर कमी. डार्ट हलका होतो आणि दाबही कमी पुरतो.

आता वायूकडे. कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब हवेच्या उष्णतेवर ठरतो. १० अंशांना तो सुमारे ४५ बार, २० अंशांना ५७ आणि ३० अंशांना ७२ च्या आसपास. जुन्नरला डिसेंबरच्या पहाटे हुडहुडी भरते आणि एप्रिलच्या दुपारी अंग भाजते. एकच बाटली या दोन वेळी दोन वेगळ्या ताकदीची असते. काट्याची बंदूक हा फरक झाकून टाकते, कारण ती हवा तेवढाच दाब कप्प्यात घेते. पेंटबॉलच्या स्वस्त बंदुकीला ही सोय नसते. त्यात गोळ्या भराभर झाडल्या की वायू थंड होऊन दाब आणखी ढळतो. म्हणून खेळणाऱ्याने बंदूक बदलण्याआधी साध्या दाबलेल्या हवेची, रेग्युलेटर बसवलेली टाकी घ्यावी. ती ३००० किंवा ४५०० पीएसआयपर्यंत भरतात आणि रेग्युलेटर बंदुकीला ठरलेल्या दाबाने हवा देतो.

तीही मुखवट्यानंतर. मुखवटा पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएमच्या एफ १७७६ मानकाचा आणि दुहेरी काचेचा असावा. आपल्याकडच्या दमट हवेत एकेरी काचेवर वाफ धरते आणि ती पुसायला खेळाडू मैदानातच मुखवटा वर करतो. डोळ्याच्या दुखापती नेमक्या अशा क्षणी होतात. मोटारसायकलचा गॉगल किंवा वेल्डिंगचा चष्मा इथे चालत नाही. त्यानंतर नळीच्या तोंडावर चढवायची पिशवी घ्यावी. खेळ थांबला की ती चढवायचीच.

नळीच्या बाबतीत दुकानदार लांबीचे गुण सांगतो, पण महत्त्वाचे असते ते गोळी आणि नळी यांचे माप जुळणे. गोळीवर ०.६८ लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष माप थोडे पुढे-मागे होते. शिवाय पावसाळ्यात जिलेटिन ओल ओढून फुगते आणि गोळी नळीत फुटते. म्हणून गोळ्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि मोसमापुरत्याच आणाव्यात. टिपमन ९८ सारखी साधी, दणकट बंदूक मैदानांवर वर्षानुवर्षे चालते. इलेक्ट्रॉनिक बंदुकीचा मोह सर्वांत शेवटी धरावा. लहान मुलांसाठी ०.५० इंचाची हलकी गोळी निघाली आहे, तिचा मार बराच कमी.

बिबट्याची बंदूक मात्र बाजारातून कोणी हौसेने आणायची वस्तू नव्हे. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. केटामाइनच्या विक्रीवरही २०१३ पासून कडक नियम आहेत.

आणि परवानगी, औषध, नेम सगळे जुळले तरी कित्येकदा बंदूक पेटीतच ठेवावी लागते. डार्ट लागल्यावर बिबट्या जागेवर पडत नाही. औषध चढायला काही मिनिटे जातात आणि तेवढ्यात तो उसात शिरला तर अर्धवट गुंगीतल्या जनावराला बारा फुटी फडात शोधणे माणसांच्या जिवावर बेतते. विहिरीत पडलेल्या बिबट्याला पाण्यातच भूल दिली तर तो बुडेल. तिथे बाज किंवा पिंजरा दोरांनी खाली सोडतात आणि तो स्वतः चढण्याची वाट पाहतात.

पकडण्याचे साधन हाती आले म्हणजे प्रश्न सुटला, हा समजही जुन्नरने मोडीत काढला आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात इथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात नेऊन सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. २०२५ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात, म्हणजे याच जुन्नर वनविभागात, हल्ल्यांत पुन्हा माणसे दगावली. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांच्यापुढे कोणत्याही बंदुकीच्या गुणांची चर्चा अपुरीच पडते.

तरी भूल देण्याचे काम नीट केले तर सुरक्षित होते, याचाही पुरावा आहे. अनिरुद्ध बेलसरे आणि विद्या अत्रेय यांनी जानेवारी २००३ ते एप्रिल २००८ दरम्यान ५५ वेळा रानटी बिबट्यांना दिलेल्या भुलीचा अनुभव मांडला. त्यानंतरच्या किमान महिनाभरात भुलीचा जीवघेणा परिणाम एकाही बिबट्यात नोंदला गेला नाही. ही कामे अपुऱ्या साधनांत आणि आवरता न येणाऱ्या गर्दीत झाली होती.

ती गर्दी कमी करणे कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा गावाच्या हातात जास्त आहे. बिबट्या गोठ्यात, घरात किंवा विहिरीत अडकला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तो किती वेळापासून तिथे आहे, जखमी दिसतो का, जवळ उसाचा फड आणि पाणी किती अंतरावर आहे, एवढे सांगितले तरी डार्ट भरणाऱ्या डॉक्टरांचे निम्मे काम वाटेतच होते. मोबाइल उंचावून भोवती उभे राहिलेले लोक मागे सरले तर बिबट्या दबून बसतो. बसलेल्या बिबट्याच्या मांडीवर वीस मीटरवरून, काट्यावर कमी दाब ठेवून, डार्ट मारता येतो.