सेल्युलर जेल शेवटी ठेवा
समुद्राच्या पोटात : लेखांक ५

टाकी, रेग्युलेटर, मास्क यांची ओळख मागच्या लेखांकात झाली. आता जायचं ठरवू. ठिकाण अंदमानातलं हॅवलॉक. सरकारदरबारी ते २०१८ च्या अखेरीपासून स्वराज द्वीप आहे, आणि पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. पण बोलण्यात जुनी नावं अजून सर्रास चालतात, म्हणून इथेही तीच वापरतो.

तारकर्ली एका रात्रीच्या प्रवासावर असताना एवढं लांब कशाला, असं कुणीही विचारेल. तारकर्ली वाईट नाही. एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्थाच तिथे आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पहिली डुबकी मारून आलेली मंडळी आता गावोगावी भेटतात. पण कोकणातल्या नद्या समुद्रात गाळ आणतात. एखाद्या दिवशी पाणी नितळ मिळतं, एखाद्या दिवशी हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही. हॅवलॉकला निवळ पाण्याची शक्यता पुष्कळ जास्त, पाण्याचं तापमान २७ ते ३० अंश, आणि प्रवाळ किनाऱ्यापासून सुरू होतात. शिवाय मराठी माणूस अंदमानला तसाही जातोच. सावरकरांची कोठडी बघायला.

आणि गोम तिथेच आहे. आपल्या नेहमीच्या सहलीचा क्रम असा असतो : पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरायचं, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी रॉस बेट. मग नील, मग हॅवलॉक, राधानगरची चौपाटी आणि अगदी शेवटी स्कूबा. संध्याकाळच्या फेरीने पोर्ट ब्लेअर, सकाळी विमान. सगळ्यात मजेची गोष्ट शेवटी ठेवायची, हा हिशेब जेवणाच्या ताटात बरोबर असेल. डाइव्हच्या बाबतीत तो उलटा आहे.

कारण नायट्रोजन. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो आणि रेग्युलेटर तुम्हाला त्याच दाबाची हवा देतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. शरीराला त्याचा काही उपयोग नाही, पण दाब वाढला की तो रक्तात आणि पेशींमध्ये जास्त विरघळतो. वर आल्यावर तो लगेच निघून जात नाही, श्वासावाटे काही तासांत हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडायच्या आत बाहेरचा दाब आणखी उतरला, तर अंगातल्या अंगात त्याचे बुडबुडे धरू शकतात. सांधे ठणकतात, कातडीवर चट्टे उठतात, हातापायाला मुंग्या येतात. बुडबुडे मज्जारज्जूत धरले तर पाय लुळे पडण्यापर्यंत मजल जाते. विमानात नेमकं हेच होतं. केबिनमधला दाब जमिनीवरचा नसतो, सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका तो कमी असतो.

म्हणून डाइव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणारी ‘डॅन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था सांगते की एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास जाऊ द्या. पुष्कळ डाइव्ह सेंटरं सरसकट २४ तास सांगतात. मीही २४ च म्हणेन. सहलीत तासांची बेरीज करत कुणी बसत नाही, ‘आज डाइव्ह केली, उद्या विमान नाही’ हे मात्र लक्षात राहतं. पहिली डाइव्ह उथळ आणि थोडक्या वेळाची असते, तिच्यात अंगात मुरणारा नायट्रोजन थोडाच, हे खरं. पण नुसता सहलीचा क्रम फिरवला की काम होत असेल, तर तेवढाही धोका कशाला घ्यायचा?

तेव्हा बेत उलटा बांधा. पोर्ट ब्लेअरला विमान दुपारच्या आत उतरत असेल, तर त्याच दिवशीची फेरी धरून थेट हॅवलॉक गाठा. खासगी फेरीला साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास. तिकिटं विमानाबरोबरच काढून ठेवा, मोसमात ती आधीच संपतात. बोट लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. डाइव्हचे दिवस पहिले. मग नील. मग पोर्ट ब्लेअर, आणि परतायच्या आदल्या दिवशी सेल्युलर जेल. तिथे पायी हिंडायचं, तिन्ही मजले चढायचे, गच्चीवरून समुद्र बघायचा. तोवर नायट्रोजन आपल्या गतीने निघून जातो.

या क्रमाचे आणखी दोन फायदे आहेत. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. विमानाच्या आदल्या संध्याकाळी हॅवलॉकच्या जेटीवर अडकण्यापेक्षा सहलीच्या मध्यावर एक दिवस वाया गेलेला परवडला. दुसरं म्हणजे नाक. पहिल्या दिवशी सर्दी असेल तर डाइव्ह होत नाही, आणि हाताशी दुसरा-तिसरा दिवस असेल तर जीव खालीवर होत नाही. टूरवाल्याबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी क्रम बदलून मागा. ‘ग्रुपचा प्रोग्रॅम ठरलेला असतो हो’ असं उत्तर येईलच. मग निदान हॅवलॉकच्या मुक्कामातली पहिली सकाळ मागून घ्या.

मोसमाबद्दल फार घोळ घालायला नको. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे, पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचे. पहिलटकराने जानेवारी ते एप्रिल हा काळ धरावा, त्यातही फेब्रुवारी-मार्च सर्वांत शांत. तारखेबरोबर तिथीही पाहून ठेवा, हे मात्र कुणी सांगत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर करतं आणि तळ ढवळला जातो. कोकणातले लोक ज्याला भांग म्हणतात, त्या अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी त्या मानाने निवळ असतं. दुसरं असं की पहिलटकरांच्या बऱ्याचशा डाइव्ह किनाऱ्यावरूनच, नेमो रीफ नावाच्या जागी चालत जाऊन होतात. ओहोटीला तिथले खडक उघडे पडतात, त्यामुळे तुमची वेळ भरती ठरवते, तुम्ही नव्हे. सहा वाजताची वेळ मिळाली तर कुरकुरू नका. अंदमान आपल्या खूप पूर्वेला असून घड्याळ मात्र एकच, त्यामुळे सहाला तिथे चांगलं उजाडलेलं असतं आणि हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला अंधारून येतं.

(हॅवलॉकच्या चौपाट्या आकड्यांनी ओळखल्या जातात : जेटी एक नंबरला, राधानगर सात नंबरला. गावांची नावं मात्र गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं बेट आहे, हे नावांवरूनच कळतं. मासळी-भात तिथे उत्तम मिळतो. डाइव्हच्या दोन तास आधी मात्र नको.)

ट्राय डाइव्ह करायची की कोर्स? ट्राय डाइव्हला पोहता येण्याची अट नाही. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, खोलीची कमाल मर्यादा १२ मीटर, वय किमान १० वर्षं. ओपन वॉटर कोर्सला तीन-चार दिवस लागतात, खर्च कितीतरी पट, पण त्यानंतर जगात कुठेही जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जायचा परवाना मिळतो. त्यासाठी २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगत राहणं जमलं पाहिजे. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला ट्राय डाइव्हच करा, पण मुक्काम एक रात्र जास्त ठेवा. पाण्याखाली आवडलं तर दुसऱ्या दिवशी दुसरी डाइव्ह घ्या. पहिलीत सगळं लक्ष स्वतःच्या श्वासाकडे असतं. समुद्रफुलाच्या बोटांत लपणारा केशरी-पांढरा क्लाउनफिश, फटीतून तोंड काढून बसलेली मोरे ईल, हे नीट दिसतात ते दुसरीत.

आता कागद. डाइव्ह सेंटरवर पोचलात की तब्येतीचा फॉर्म हातात पडतो. बहुतेक जण तो चपला काढता काढता, सगळीकडे ‘नाही’ लिहून परत देतात. दमा आहे का, फिट येतात का, हृदयाचं काही, कानाचं किंवा सायनसचं ऑपरेशन, छातीत हवा धरून फुफ्फुस मिटण्याचा प्रकार, मधुमेह, गर्भारपण. यातला एकेक प्रश्न आधी घडलेल्या अपघातांतून आला आहे. दम्याचं उदाहरण घ्या. दहा मीटरवर पूर्ण भरलेल्या फुफ्फुसातली हवा वर येता येता दुप्पट फुगते. श्वासनलिका आकसल्यामुळे ती एखाद्या कोपऱ्यात अडकली, तर तिथली पेशी फाटते. म्हणून तर ‘श्वास कधीच रोखू नका’ हा पहिला नियम.

फॉर्ममधल्या काही प्रश्नांना ‘हो’ लिहिलं की डॉक्टरची सही लागते. हॅवलॉकला सकाळी सहाला डॉक्टर कुठून आणणार? मग पैसे भरलेले, सोबतचे कपडे बदलून तयार, आणि खोटं ‘नाही’ लिहायचा मोह होतो. तो टाळायचा सोपा उपाय म्हणजे फॉर्म सेंटरकडून ई-मेलने आधीच मागवा आणि निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर बसून भरा. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब-कोलेस्टेरॉलचे कागद बरोबर न्यावेत, त्यांच्यासाठी वेगळा रकाना असतो.

सर्दीवरची गोळी घेऊन उतरायचा विचारही नको. गोळीचा असर खाली असताना उतरला की नाकामागची वाट सुजून बंद होते, आत अडकलेली हवा वर येताना फुगते आणि कानात असह्य कळ येते. विमान उतरताना आपण नाक चिमटीत धरून कान मोकळे करतो, ते घरी करून पाहा. दोन्ही कान ‘टक्’ करतात का? पाण्यात ते दुखायच्या आधी, दर मीटरभर खाली गेलं की करायचं असतं. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या पाच मीटरांतच होतो, कारण दाबातला फरक तिथे सगळ्यात झपाट्याने पडतो.

मिशीवाल्यांसाठी खास सूचना. मास्कची सिलिकॉनची कड वरच्या ओठावर चिकटून बसते. झुपकेदार मिशी असली तर केसांमधून पाणी झिरपतं, नाकाशी साचतं आणि माणूस घाबरतो. पूर्ण काढायची गरज नाही. नाकाच्या लगेच खालची बोटभर पट्टी कात्रीने अगदी बारीक केली तरी पुरतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क आहे का, हे फोनवर विचारा. नसेल तर सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स चालतात.

फोन कराल तेव्हा आणखी दोन प्रश्न विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, आणि खोल जाण्याआधी कंबरभर पाण्यात किती वेळ सराव. ‘फोटो-व्हिडिओ फ्री’ हे पहिलंच उत्तर आलं तर दुसरं सेंटर बघा. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देण्याआधी जे तुमच्याच तब्येतीची चौकशी करतील, ते माझ्या मते भरवशाचे. प्रवासविम्यात स्कूबा वगळलेलं नाही ना, हेही बारीक अक्षरांत वाचून घ्या. नायट्रोजनचा त्रास झालाच तर उपचार दाबाच्या खास चेंबरमध्ये होतात, आणि त्यासाठी बेट सोडून जावं लागतं.

परतीच्या सामानात शंख आणि पोवळ्याचे तुकडे नकोत, किनाऱ्यावर आपोआप वाहून आलेले असले तरी. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. पोराच्या पिशवीच्या कप्प्यातही एकदा हात घालून बघा.

पुढच्या आठवड्यात कंबरभर पाण्यातला सराव : मास्कमधलं पाणी बाहेर कसं काढायचं, आणि खुशीत येऊन अंगठा वर केला तर इन्स्ट्रक्टर तुम्हाला वर का घेऊन येतो.