स्पिनोझा: नास्तिक की देववेडा?

२७ जुलै १६५६ रोजी ॲम्स्टरडॅममधल्या पोर्तुगीज ज्यू समाजाने बारूख स्पिनोझाला वाळीत टाकले. त्याचे वय होते अवघे २३. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत कोणी येऊ नये, त्याने लिहिलेले कोणी वाचू नये, असा तो ठराव. त्याची मते कोणती, याचा खुलासा मात्र त्यात नाही.

ती मते पुढे ग्रंथांतून कळली. मुख्य ग्रंथ ‘एथिक्स’ त्याच्या मृत्यूनंतर, १६७७ मध्ये छापला गेला. भूमितीच्या पुस्तकासारखी आधी व्याख्या, मग प्रमेये, मग सिद्धता अशी त्याची मांडणी आहे. जगाबाहेर बसून जग चालवणारा, प्रार्थनेला पावणारा किंवा कोपणारा देव स्पिनोझाने नाकारला. अस्तित्वात आहे ते एकच अनंत तत्त्व. त्याला देव म्हणा किंवा निसर्ग. झाड, दगड, आपले मन ही सगळी त्याचीच रूपे. म्हणून चमत्कारही अशक्य, कारण निसर्गाचे नियम हेच देवाचे स्वरूप.

आपल्याला इथे अद्वैत आठवते, पण शांकरमताप्रमाणे जगाला माया ठरवणे स्पिनोझाला मान्य झाले नसते.

अनेकांनी त्याला नास्तिक ठरवले, तर जर्मन कवी नोव्हालिसने देवाच्या नशेत बुडालेला माणूस म्हटले. मला नोव्हालिस अधिक जवळचा वाटतो. ज्याला देवाची पर्वा नाही, तो देवाविषयी इतक्या चिकाटीने सिद्धता मांडत बसत नाही. १९२९ मध्ये आइन्स्टाइनला श्रद्धेबद्दल विचारले, तेव्हा त्यानेही स्पिनोझाच्या देवाचेच नाव घेतले.