संगणकाचे दुसरे मूळ

समजा, धर्माबादच्या एखाद्या शाळेतला लिनक्सवर चालणारा संगणक निकालाच्या आठवड्यात सुरूच होईनासा झाला. पडद्यावर चार ओळी उमटतात आणि सारे थांबते. नांदेडहून माणूस येतो आणि 'फॉरमॅट मारावे लागेल' म्हणतो. म्हणजे वर्षभराचे गुण गेले! पण पुष्कळदा हार्ड डिस्कवरच्या फाइली शाबूत असतात. बिघडलेली असते ती फक्त सुरू होण्याची व्यवस्था.

युनिक्सच्या कुळातील प्रणालींत सर्व फाइली एकाच झाडाला लागलेल्या असतात. त्याचे मूळ एका तिरप्या रेघेने दाखवतात. विंडोजसारखी सी, डी अशी निरनिराळी झाडे येथे नसतात. पेनड्राइव्ह लावला, तर तोही याच झाडावर कलमासारखा जोडला जातो. मात्र मूळ कोणते मानायचे, हे यंत्रात कोरलेले नसते. ते सुरुवातीला कर्नलला सांगावे लागते.

आजच्या बहुतेक लिनक्स प्रणाली तर रोजच मूळ बदलतात. आधी मेमरीत एक तात्पुरती छोटी फाइल-व्यवस्था उभी राहते. तिच्यातील ड्रायव्हरच्या मदतीने खरी डिस्क सापडली, की कारभार तिच्याकडे जातो.

आजारी संगणकाला हे मूळ पेनड्राइव्हवरून देता येते. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' लिनक्स अशी, डिस्कवर काहीही न बसवता, चालते. मग आजारी डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडावी आणि गुणांच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. दुरुस्तीची घाई नंतर.

दुरुस्तीसाठी ती डिस्क लिहिता येईल अशी पुन्हा जोडून 'सीएचरूट' आज्ञा द्यायची. ही सोय १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीपासूनची. तिच्यामुळे त्यापुढील प्रोग्राम आजारी डिस्कलाच मूळ समजतात, आणि तिचीच अवजारे वापरून तिची दुरुस्ती करता येते. 'डेव्ह', 'प्रॉक' आणि 'सिस' या तीन फांद्या मात्र आधी नव्या मुळाला जोडाव्यात. त्यांतील मजकूर डिस्कवर नसतो, कर्नल तो चालू असताना पुरवतो. येथेच अनेकांचे घोडे अडते.

कर्नल अर्थातच पेनड्राइव्हचा राहतो. तो ३२ बिटांचा असेल, तर डिस्कवरील ६४ बिटांचे प्रोग्राम चालणार नाहीत. आणि डिस्क टकटक वाजत असेल, तर यातले काहीच करू नये. संगणक लगेच बंद करावा.