न गाजर, न गवत

आषाढाच्या दोन-चार सरी कोसळून गेल्या, की शाळेच्या वाटेवर चोहीकडे हिरवळ दाटते. त्या हिरवळीत कुंपणाच्या कडेला, पडीक जागेत, लोहमार्गाच्या दुतर्फा आणि उकिरड्याच्या आसपास एक रोपटे हमखास डोके वर काढते. प्रथम त्याची कातरलेली पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात. पुढे मधोमध एक ताठ दांडा उभा राहतो, त्याला फांद्या फुटतात आणि महिना-दीड महिन्यात शेंड्याशेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या फुलांचे तुरे डोलू लागतात. मुलांनो, हे झाड तुम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. कोणी त्याला चटकचांदणी म्हणतात, कोणी पांढरफुली, तर कोणी काँग्रेस गवत. परंतु बहुतेकांच्या तोंडी असलेले त्याचे नाव म्हणजे गाजरगवत.

गंमत अशी, की या नावातील दोन्ही शब्द खोटे आहेत. हे झाड गाजर नव्हे. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात, एवढेच काय ते साम्य. गाजराचे खरे भाऊबंद म्हणजे कोथिंबीर, बडीशेप आणि ओवा. हे झाड गवतही नव्हे. ज्वारी, बाजरी, ऊस, हरळी ही गवताची मंडळी होत. त्यांची पाने लांबट असून त्यांवरील शिरा एकमेकींस समांतर धावतात. मग हे झाड आहे तरी कोणाच्या घरचे? ते आहे सूर्यफुलाच्या कुळातले. झेंडू, शेवंती, करडई, माका आणि रस्त्याकडेची एकदांडी हे त्याचे सगेसोयरे.

या कुळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्याला आपण सूर्यफुलाचे एक फूल म्हणतो, ते वास्तविक एक फूल नसून शेकडो लहान फुलांचा मेळावा असतो. शास्त्रज्ञ त्यास स्तबक म्हणतात. गाजरगवताचे इवलेसे पांढरे फूलही असाच एक स्तबक होय. भिंगातून पाहिल्यास त्याच्या कडेला, समान अंतरावर बसलेली पाच फुले दिसतात, आणि मध्यभागी दाटीने बसलेली कितीतरी सूक्ष्म फुले दिसतात. मधली फुले केवळ पराग निर्माण करतात. बी धरते ते फक्त कडेच्या पाच फुलांत. म्हणजे एका स्तबकात बिया पाचच!

पाच ही संख्या ऐकून तुम्हांस हसू येईल. एवढ्याने असे काय बिघडणार, असे वाटेल. परंतु एका भरदार झाडावर असे स्तबक हजारोंनी लागतात, आणि त्यामुळे एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया सहज देते. आता थोडे गणित करा. पंधरा हजार बियांपैकी शंभरात एकच रुजली असे धरले, तरी एका झाडाची दीडशे झाडे होतात. त्या दीडशे झाडांनी तोच क्रम चालविला, तर तिसऱ्या पिढीत साडेबावीस हजार झाडे उभी राहतील. शिवाय या झाडाला ठरावीक ऋतू नाही. जेथे ओलावा मिळेल तेथे ते वर्षातून कधीही उगवते, त्यामुळे एका वर्षात त्याच्या अनेक पिढ्या होऊ शकतात.

बीही मोठे युक्तिबाज असते. प्रत्येक बीच्या दोन बाजूंस दोन वांझ फुले सुकून चिकटलेली असतात. जणू पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या काखेतले दोन भोपळेच! त्यांच्या आधाराने बी पाण्यावर तरंगते आणि वाऱ्यावर थोडे उडते. ओढ्याच्या पाण्याबरोबर, मालमोटारींच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर, मुरुमाबरोबर, शेणखताबरोबर ते गावोगाव जाते. जमिनीत खोल गाडले गेले, तर कित्येक वर्षे जिवंत राहून योग्य संधीची वाट पाहते.

असे हे झाड मूळचे आपल्या देशातले नाही. त्याची जन्मभूमी म्हणजे मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश. स्वीडनचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५३ साली त्याचे पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे नामकरण केले. भारतात त्याच्याकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष वेधले गेले ते आपल्या पुणे शहरात. १९५५ च्या सुमारास पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ही अनोळखी झाडे आढळली. १९५६ मध्ये आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्या काळी देशात धान्याची टंचाई होती व अमेरिकेहून गहू मागवावा लागे. त्या गव्हातून हे बी आले असावे, असे सामान्यतः मानले जाते.

त्या वेळी झाडे तुरळकच होती. परंतु ती काय आहेत, पुढे काय करणार आहेत, हे सामान्य माणसास कोणी सांगितले नव्हते. म्हणून ती कोणी उपटली नाहीत. पाहता पाहता त्यांनी पुण्याची वेस ओलांडली, महाराष्ट्र व्यापला आणि पुढे भारतातील बहुतेक सर्व राज्यांत मुक्काम ठोकला. ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका खंडांतील अनेक प्रदेशांनाही या झाडाने असेच ग्रासले आहे.

याच्या मायदेशी मात्र त्याचा असा उच्छाद दिसत नाही. याचे एक मोठे कारण असे, की तेथे त्याची पाने खाणारे किडे आहेत, त्याला पछाडणारे रोग आहेत. प्रत्येक घासामागे त्याला कोणीतरी वाटेकरी आहे. समुद्र ओलांडून बी आले. पण त्याचे शत्रू मागेच राहिले. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. त्यातच त्याच्या अंगी पार्थेनिन नावाचे एक कडू द्रव्य आहे. पानांवरील बारीक लवेत आणि परागांतही ते असते. झाडाचे अवशेष मातीत मिसळले, की या व अशाच इतर द्रव्यांमुळे शेजारच्या वनस्पतींची बियाणे नीट रुजत नाहीत, त्यांचे अंकुर खुरटतात. परिणामी कुरणांतील चांगले गवत नाहीसे होते आणि शेतातील पिकाचे उत्पन्न घटते. चाऱ्याबरोबर हे झाड गाई-म्हशींच्या पोटात गेले, तर त्यांच्या दुधाला कडवटपणा येतो.

माणसांचीही यातून सुटका नाही. या झाडाचा वारंवार स्पर्श झाल्याने काही लोकांच्या अंगाला असह्य खाज सुटते, चट्टे उठतात आणि कातडी जाड होऊन भेगाळते. परागांमुळे काहींना सर्दी व दमा जडतो. १९७० नंतरच्या काळात पुणे व आसपासच्या भागात अशा त्वचाविकाराचे अनेक रुग्ण आढळले. शेतात राबणाऱ्या, रस्त्याच्या कामावर खपणाऱ्या लोकांना त्याचा त्रास विशेष झाला.

या संबंधात माझ्याच हातून घडलेली एक चूक तुम्हांस सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. मी एका तालुक्याच्या गावी मुख्याध्यापक होतो. स्वातंत्र्यदिन चार दिवसांवर आला होता आणि शाळेचे मैदान गाजरगवताने पांढरेशुभ्र झाले होते. मी मुलांना हाक दिली. मुले उत्साहाने धावली. दोन तासांत त्यांनी उघड्या हातांनी सारे मैदान साफ केले. उपटलेल्या झाडांचे भारे आमच्या शिपाईमामांनी डोक्यावरून वाहून शाळेमागच्या ओढ्याच्या काठी टाकले. मैदान कसे आरशासारखे लख्ख झाले. मी मुलांची पाठ थोपटली आणि मनातल्या मनात स्वतःचीही.

दुसऱ्या दिवशी पाच-सहा मुले अंग खाजवीत आली. त्यांचा त्रास आठवड्याभरात शमला. शिपाईमामांचा मात्र शमला नाही. त्यांचे डोळे सुजले, मानेवरची व हातांवरची कातडी सोलवटून निघाली. औषधोपचाराने त्यांना उतार पडे. परंतु पुढे प्रत्येक पावसाळ्यात, ही झाडे फुलली की त्यांचे दुखणे पुन्हा उसळे. त्याबद्दल ते मला कधी एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते, तर मला थोडे हलके वाटले असते.

पुढल्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली. ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्यांची जमीन होती, असे एक वृद्ध शेतकरी शाळेत आले. त्यांनी नमस्कार केला आणि शांतपणे म्हटले, “गुरुजी, तुमच्या शाळेचं गवत औंदा माझ्या भुईमुगात आलंय.” मी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिले. ओढ्याचे दोन्ही काठ थेट त्यांच्या बांधापर्यंत पांढऱ्या फुलांनी भरले होते. मैदान स्वच्छ करण्याच्या नादात मी पिकलेले बी ओढ्याच्या स्वाधीन केले होते. काम चांगले होते. परंतु त्याची वेळ चुकली होती आणि रीतही चुकली होती.

तेव्हा योग्य वेळ कोणती आणि योग्य रीत कोणती, हे आपण नीट समजून घेऊ. योग्य वेळ म्हणजे फुले येण्यापूर्वीची. पाऊस पडून जमीन मऊ झाली, की कोवळे रोप मुळासकट सहज निघते. विळ्याने ते नुसते कापू नये. कारण बुडखा राहिला, तर त्याला पुन्हा फुटवे येतात व तो पुन्हा फुलतो. उपटताना हातांत मोजे असावेत, अंगभर कपडे असावेत, आणि काम झाल्यावर हातपाय साबणाने स्वच्छ धुवावेत. ज्यांना दम्याचा वा त्वचेचा विकार आहे, त्यांनी या कामापासून दूरच राहावे. फुलावर आलेल्या झाडांना तर मुलांनी हातच लावू नये. ते काम जाणत्या माणसांनी काळजीपूर्वक करावे. फुलण्यापूर्वी उपटलेली रोपे खड्ड्यात कुजविली, तर त्यांचे उत्तम खत होते. पाहा, तेच झाड महिनाभर आधी हाती लागले तर खत होते, आणि महिनाभर उशीर झाला तर संकट!

रिकाम्या जागेवर दुसऱ्या उपयुक्त वनस्पतींचा ताबा असणे हाही एक चांगला उपाय आहे. आपल्या परिचयाचा टाकळा दाट वाढला, की तो गाजरगवतास डोके वर काढू देत नाही. शास्त्रज्ञांनी आणखी एक युक्ती योजिली. ज्या शत्रूंना हे झाड मायदेशी सोडून आले होते, त्यांपैकीच एकास बोलावून घ्यायचे त्यांनी ठरविले. बंगळूर येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक लहानसा भुंगेरा आणविला. आपल्या पिकांना त्याच्यापासून काही धोका आहे काय, याची त्यांनी प्रथम कसोशीने परीक्षा केली आणि मगच १९८४ मध्ये त्याला मोकळे सोडले. त्याच्या फिकट पिवळसर पाठीवर गर्द तपकिरी रेघा असतात. पावसाळ्यात तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने खाऊन झाड अक्षरशः निष्पर्ण करतात, आणि पाऊस सरला की तो जमिनीत शिरून विश्रांती घेतो. म्हणून गाजरगवतावर असा रेघारेघांचा किडा दिसला, तर त्याला मारू नका. तो आपला मित्र आहे. एकट्या भुंगेऱ्याकडून सारे काम होत नाही हे खरे. त्याला आपल्या हातांची जोड हवीच.

इतके सारे वाचून तुम्ही म्हणाल, “किती दुष्ट झाड हे!” परंतु थांबा. याच पार्थेनियम घराण्यात ग्वायूले नावाचे एक झुडूप आहे. मेक्सिको व अमेरिकेच्या कोरड्या वाळवंटी प्रदेशात ते वाढते, आणि त्याच्या सालीपासून रबर मिळते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या हाती गेले, तेव्हा अमेरिकेने ग्वायूलेची मोठ्या प्रमाणावर लागवड केली होती. काही लोकांच्या त्वचेला नेहमीचे रबर सोसत नाही. त्यांच्यासाठी ग्वायूलेच्या चिकापासून हातमोजे करता येतात. एकाच घराण्यातील एक झाड कातडी सोलवटून काढते, तर दुसरे कातडीला जपणारे हातमोजे देते!

झाडाच्या ठायी दुष्टावा नसतो आणि सज्जनपणाही नसतो. ते आपल्या स्वभावानुसार वाढते, एवढेच. ते कोठे वाढावे व कोठे वाढू नये, हे जाणण्याची बुद्धी माणसाला मिळाली आहे. १९५५ साली कचऱ्याच्या ढिगावर उभ्या असलेल्या त्या थोड्या झाडांची नीट ओळख त्या वेळच्या लोकांना असती, तर कदाचित एका सकाळच्या कामाने पुढील अनेक वर्षांचे कष्ट वाचले असते.

उद्या शाळेला येताना कुंपणाकडेला जरा वाकून पाहा. जमिनीलगत पसरलेले, कातरलेल्या पानांचे एखादे रोपटे दिसले आणि त्यावर अजून फूल नसेल, तर समजा की तुम्ही अगदी वेळेवर आला आहात. गुरुजींना किंवा बाईंना सांगा, हातांत मोजे घाला आणि ते मुळासकट उपटा. पाच बियांचे गणित तेथेच संपेल.