मनगटावरून हृदयाची नोंद

हृदयाची लय बिघडते, पण दवाखान्यात पोचेपर्यंत ती पुन्हा जागेवर येते, ही हृदयरोगाच्या निदानातली जुनी अडचण. टेबलावर झोपवून काढलेल्या नेहमीच्या ईसीजीत सुमारे दहा सेकंदांचीच नोंद मिळते. धडधड पहाटे झाली आणि तपासणी दुपारी झाली, तर आलेखात काहीच दिसत नाही.

अमेरिकेतल्या माँटाना राज्यातील हेलेना या गावचे जीवभौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी यावर उपाय शोधला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तयार केलेले यंत्र पाठीवर वाहावे लागे. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. पुढे ते खिशात मावेल एवढे झाले. आजही छातीला इलेक्ट्रोड चिकटवून २४ किंवा ४८ तास नोंद घेतात, त्याला ‘होल्टर लावणे’ असेच म्हणतात.

मनगटी घड्याळ हेच काम दोन वेगळ्या रीतींनी करते. पहिली रीत प्रकाशाची. घड्याळाच्या पाठीमागचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला रक्तवाहिनी भरली की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला, हात गार पडले, मनगटावर गडद गोंदण असले किंवा हात सतत हलत असला, तर हा हिशेब चुकतो. व्यायाम करताना छातीचा पट्टा अधिक भरवशाचा, कारण तो थेट विद्युत संकेत टिपतो.

दुसरी रीत ईसीजीची. एका हाताच्या मनगटाला घड्याळ टेकलेले असते, दुसऱ्या हाताचे बोट त्याच्या धातूच्या भागावर ठेवले की दोन हातांमधून हृदय ओलांडणारे मंडल पूर्ण होते. साधारण ३० सेकंदांत आलेख मिळतो. ॲपलने ही सोय २०१८ मध्ये आणली. मात्र दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा दिशांनी पाहतो, घड्याळ एकाच.

या उपकरणांचा खरा उपयोग एट्रियल फिब्रिलेशन ओळखण्यात आहे. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. त्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, आणि अनेकांना काहीच लक्षण जाणवत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ लाखांहून अधिक लोक होते. त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. सूचनेनंतर ज्यांनी छातीवर ईसीजी पॅच लावून तो परत पाठवला, त्यांच्यातील ३४ टक्क्यांमध्ये हा विकार आढळला. उरलेल्यांची सूचना खोटीच होती असे म्हणता येत नाही; हा विकार येतो-जातो आणि पॅच नंतर लागला होता. म्हणून घड्याळाची सूचना हे निदान नव्हे. तो आलेख डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

हृदयाच्या धमनीतला अडथळा मात्र घड्याळाला दिसत नाही. छातीत दाब आला, दरदरून घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर पडद्यावर लय सामान्य दिसत असली तरी थांबू नये. महाराष्ट्रात अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.