नवी युक्ति कशी सुचते?

विद्यार्थिमित्रहो, नवीन कल्पना ही थोर बुद्धिवंतांसच लाभणारी देणगी आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. पुढें तुम्ही शेतांत, कारखान्यांत किंवा कचेरींत कोठेंही काम करा. घालून दिलेल्या रीतीनें राबणारे तेथें पुष्कळ भेटतील, पण ‘हें निराळ्या रीतीनें करितां येईल काय?’ असें विचारणारे थोडे. ही संवय प्रयत्नानें लावून घेतां येते, हें आपल्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवावरून दिसून येतें.

नगर तालुक्यांतील हें गांव पर्जन्यछायेच्या प्रदेशांत आहे. पाऊस सरासरीनें वर्षाला सुमारें ४०० मिलिमीटर. डोंगर उघडे पडले होते. पावसाचें पाणी माती घेऊन वाहून जाई, उन्हाळ्यांत विहिरी आटत आणि मजुरीसाठीं कुटुंबें गांव सोडीत. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. राळेगण सिद्धीचा कित्ता पुढें होताच. ग्रामस्थांनीं श्रमदानानें समतल चर खणले, झाडें लाविलीं, कुऱ्हाड व मोकाट चराई बंद केली. पाणी जमिनींत मुरूं लागलें.

पण खरी कल्पकता यापुढेंच दिसली. ‘आणखी पाणी कोठून आणावें?’ असें सर्वत्र विचारतात. या गांवानें प्रश्न फिरविला: ‘आहे तें पाणी किती, आणि तें कशास पुरेल?’ वाणी दुकानाचा जमाखर्च मांडतो, तसा येथें दर वर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस मोजतात, ठरलेल्या विहिरींची पातळी पाहतात, माणसांच्या व गुरांच्या पिण्याचें पाणी प्रथम बाजूस काढतात. उरलेल्यांत कोणतीं पिकें घ्यावयाचीं, तें ग्रामसभेंत ठरतें. शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं आणि उसासारखीं फार पाणी पिणारीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, असा निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतला. बाहेर गेलेलीं पुष्कळ कुटुंबें परत आलीं. २०२० सालीं श्री. पवार यांस ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

यांतून कोणत्याही कामास उपयोगी पडतील असे चार धडे मिळतात. दुसऱ्याचें चांगलें काम आधीं नीट पाहावें. अडचण आली कीं प्रश्नच निराळ्या शब्दांत मांडून पाहावा. अंदाजावर न विसंबतां मोजावें. आणि ज्यांस काम करावयाचें आहे त्या सर्वांस बोलूं द्यावें. कारण चौघांनीं मिळून ठरविलेला नियम चौघेही पाळतात. मर्यादेलाही शत्रु मानूं नये. या गांवास हिशेब शिकविला तो थोड्या पाण्यानेंच.

पालकांस एक विनंति. मूल ‘असें कां?’ म्हणून विचारील, तेव्हां ‘गप्प बैस’ म्हणूं नये. उत्तर ठाऊक नसेल, तर दोघांनीं मिळून शोधावें. घरीं प्रश्न विचारावयास भिणारें मूल उद्यां कामाच्या ठिकाणीं तरी तोंड कसें उघडील?